उजव्या हाताचं उघडं दार

तिला सगळे कितीबाई म्हणत. खरं नाव कागदोपत्री असेल, पण ते कुणी वापरल्याचं तिच्या नवऱ्यालाही आठवत नव्हतं. जिल्ह्याच्या आकडेवारी कार्यालयात ती नोकरीला होती आणि तिचं काम एका ओळीत सांगता येण्यासारखं होतं. ठरवून दिलेल्या घरी दर वर्षी जायचं आणि त्या घरात वर्षभरात किती पैसा आला ते लिहून आणायचं. एका ओळीत सांगता येतं म्हणजे सोपं असणार, असं ज्याला वाटतं त्याने एकदा परक्याच्या ओट्यावर बसून त्याची कमाई विचारून बघावी. पाणी येतं, चहा येतो, धाकट्या मेहुण्याच्या मुतखड्याची साग्रसंगीत हकीकत येते, आकडा तेवढा येत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माणसाला शिकवावं लागत नाही. आणि हिचं पोट तर लोकांच्या मुठी उघडण्यावर. नवरा एक आकडा सांगणार, बायको दुसरा, आणि दाराआडून सासू खाकरणार ती तिसऱ्यासाठी. कर लागेल अशी भीती असली की आकडा खाली येतो, घरात लग्नाची मुलगी असली की वर जातो. म्हणून कितीबाई कमाई कधी सरळ विचारतच नसे. "छपराला नवे पत्रे दिसतायत," एवढंच म्हणायची आणि गप्प बसायची. मग पत्र्यांची किंमत निघे, त्यावरून उसनवारी निघे, उसनवारीवरून भावाभावांतलं भांडण निघे. माणूस तापला की खरं बोलतो, हा तिचा अनुभव होता. शेवटी ती फक्त एकच शब्द टाकायची, "किती?" आणि समोरचा मुकाट्याने सांगून मोकळा व्हायचा.

तापट तर ती स्वतःही होती. नाकावर माशी बसू देईल ती कितीबाई कसली! लग्नानंतर तिने ही नोकरी धरली तेव्हा सासरे आडवे आले होते. "लोकांच्या घरात डोकावत फिरणारी सून मला नको," म्हणाले. ही पदराआड पुटपुटली वगैरे काही नाही. म्हणाली, "मामंजी, मी दारातून जाते आणि विचारून बसते. डोकावता तुम्ही, मागच्या खिडकीतून, रोज दुपारी." सासऱ्यांनी चार दिवस जेवताना तोंड फिरवलं आणि पाचव्या दिवसापासून खिडकीला पडदा लागला. तिचा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. तो म्हणे, "माझ्या पंपाला उलटी झडप असते, पाणी मागे येत नाही. हिच्या तोंडाला तेवढी बसवायची राहिली."

हे मोजमाप कशासाठी, ते तिला साहेबाने शिकवलं होतं. साहेब तेव्हा तरुण होता, कार्यालयात नवा होता आणि डोक्यावर भरपूर केस होते. त्याने सगळ्या नव्या माणसांना आवारात उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं. बुटका या टोकाला, ताडमाड त्या टोकाला. "ओळीच्या बरोब्बर मधे कोण?" मधे कितीबाई होती. मग साहेबाने ताडमाड माणसाच्या डोक्यावर एक घमेलं पालथं घातलं आणि त्यावर दुसरं. "आता सगळ्यांची सरासरी उंची वाढली. पण मधलं माणूस बदललं का? नाही ना? जिल्ह्यात एकाने सोन्याची खाण काढली म्हणून बाकीच्यांची चूल पेटत नाही. म्हणून आपण सरासरी नाही धरायची. सगळी घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीत उभी करायची आणि मधल्या घराला विचारायचं, बाबा रे, तुझी किती?" पुस्तकात त्याला मध्यक म्हणतात. कितीबाई जन्मभर त्याला मधलं घर म्हणत आली.

आणि त्या मधल्या घरावर एक खोली टिकून होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात, मागच्या बाजूला, जिथे पूर्वी मोडक्या खाटा ठेवत तिथे डायलिसिसची तीन मशिनं होती आणि तीन खुर्च्या. मधल्या घराची कमाई सरकारने आखलेल्या रेषेच्या खाली असेल तोवर ही खोली फुकट चालणार. जिल्हा रेषेच्या वर गेला की जिल्हा सुधारला, मग मशिनं दुसऱ्या गरीब जिल्ह्याला, आणि इथल्या माणसांनी मोठ्या शहरात जाऊन पैसे मोजून रक्त धुऊन घ्यायचं.

त्या तीन खुर्च्यांपैकी एकीवर, आठवड्यातून तीनदा, कितीबाईच्या शेजारचा गवंडी बसे. एके काळी एका हातात विटांची चवड घेऊन शिडी चढणारा माणूस. गल्लीतली निम्मी घरं त्याच्या हातची. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून त्याची बायको कपडे शिवून घर चालवायची. मशीनच्या दिवशी दोघं सकाळच्या बसने जात आणि दिवेलागणीला परत येत. शिवणवाली आणि कितीबाई यांच्या घरांची एक भिंत सामाईक होती, आणि दोघींचं इतकं सख्य होतं की महिन्यातून एकदा तरी कडाकडा भांडण होई. कधी कोंबड्यांवरून, कधी सांडपाण्यावरून. गवंडी आतून ओरडायचा, "वहिनी, जरा हळू, भिंत मी बांधलीय, पण तुमच्यासाठी नव्हती बांधली!"

त्या वर्षी आकडा रेषेच्या वर गेला.

कार्यालयात साहेबाने सगळ्यांना चहा पाजला. आता त्याचे केस गेले होते आणि चष्म्याची काच जाड झाली होती. "अंतिम अहवाल महिन्याभराने जाईल, पण आकडा हाच," तो म्हणाला. "इतक्या वर्षांची मेहनत आहे जिल्ह्याची." सगळे हसले. कितीबाईने कप तसाच ठेवला. तिला गवंड्याची खुर्ची दिसत होती, आणि मनात एकच गोष्ट फिरत होती. आपण दर वर्षी इतक्या चुलींपुढे बसतो, एकाही चुलीवरचं भांडं मोठं झालेलं आपण पाहिलं नाही. मग हा आकडा वाढला कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात आलं कसं?

संध्याकाळी ती पायरीवर बूट काढत होती. नवरा शेजारी बसून पंपाची चकती घासत होता. तो सहज म्हणाला, "तुझे बूट हल्ली फार टिकतात."

"मग? तुला काय त्याचं दुःख?"

"दुःख कसलं? पूर्वी फेरीचे दिवस आले की मी काठी घेऊन तुझ्या बुटांचा चिखल खरवडत बसायचो. नदीकाठचा काळा चिखल, निघता निघायचा नाही. आता बघ, नुसती धूळ. वरच्या रस्त्याची."

कितीबाईने बूट उलटा करून तळ पाहिला. बराच वेळ पाहिला. मग बूट पुन्हा पायात घातला आणि उठली.

गाव नदीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत चढत गेलं होतं. खाली नदीकाठी वीटभट्टीवर आणि लोकांच्या शेतात राबणाऱ्यांची घरं, वर रस्त्यालगत दुकानदार, पेन्शनर, ठेकेदार. प्रत्येक गल्ली खालून वर जाई. कार्यालयाचा एक जुना नियम होता, आणि तो कितीबाईच्या पायांत इतका भिनला होता की तो आता नियम वाटतच नसे. ठरलेल्या घराला कुलूप असलं तर उजव्या हाताचं पुढचं उघडं दार घ्यायचं. गल्लीत खालून शिरलं की घरं डाव्या अंगाला, म्हणून दाराकडे तोंड केलं की उजवा हात म्हणजे चढ. पूर्वी ती फेरी संध्याकाळी करायची, तेव्हा कुलपं क्वचित लागत. मग कुणा एका मोजणीवाल्याला अंधारात कुत्रं चावलं आणि वरून हुकूम आला की फेरी दहा ते चारच्या आत. दहा ते चार खालच्या घरांत असतं कोण? कुलूप. मग उजवीकडे. तिथे कुलूप, मग आणखी उजवीकडे. वर्षामागून वर्षं ती अशी एकेक दार वर सरकत आली होती, आणि तिच्याबरोबर मधलं घरही वर सरकलं होतं.

त्या संध्याकाळी ती खालच्या गल्लीत उतरली. सगळी दारं उघडी होती. दिवे लागले होते, माणसं हातपाय धूत होती. एक म्हातारी ओट्यावरून ओरडली, "कितीबाई! जिवंत आहात होय? आम्हाला वाटलं, बदली झाली की वर गेलात!"

"येत होते हो मी. दर वर्षी येत होते. कुलूप असायचं, मग अंगणातल्या चिखलात न उतरताच वळायचे."

"दिवसा कुलूप नसेल तर काय असेल? दिवसा घरात बसायला आम्ही ठेकेदार आहोत?"

आजूबाजूचे हसले. कितीबाईला हसू आलं नाही. ती घरी परतली, आणि आपल्या दाराशी पोचायच्या आधी शेजारच्या दाराशी थबकली. शिवणवालीच्या दाराला कुलूप होतं. मशीनचा दिवस होता, बसला त्या दिवशी उशीर होता. आणि तिला आठवलं. गेल्या फेरीत शिवणवालीचं घर तिच्या यादीत होतं. ती ह्याच दारापुढे उभी राहिली होती, ह्याच कुलपापुढे. आतली माणसं कुठे आहेत, कधी येतील, येताना गवंड्याचा कुठला हात बांधलेला असेल, हे सगळं तिला माहीत होतं. तरी तिचे पाय उजवीकडे वळले होते. पुढचं दार तिचं स्वतःचं. मोजणाऱ्याचं घर मोजायचं नसतं, म्हणून ते सोडून ती त्याच्या पुढे गेली होती. तीन मजले, लोखंडी फाटक, भुंकणारं कुत्रं. गवंड्याच्या जागी तिने ठेकेदार लिहून आणला होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला स्वतःचा इतका संताप आला की तिने हातातली पिशवी ओट्यावर आपटली.

रात्रीचा भाकरतुकडा व्हायच्या आत तिने भिंतीवरून शिवणवालीला हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं. पोटात ठेवणं तिला जमलं नसतं. शिवणवाली ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्या घराच्या जागी त्याचं घर?"

"हो."

"ह्यांना परवा नर्सबाई म्हणाल्या, खोली बंद होणार आहे. शहरात आठवड्याला तीनदा जायचं म्हणजे मला मशीन विकावं लागेल. माझं मशीन. मग ह्यांच्या मशीनचे पैसे कुठून आणू?" तिचा आवाज चिरकला, पण ती रडली नाही. "तू चढवलंस ना त्याला वर? तूच उतरव. उतरवल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस." आणि तिने खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी कितीबाई साहेबासमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. साहेबाने सगळं ऐकून घेतलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता, आणि मूर्ख तर नव्हताच.

"मला कल्पना आहे," तो म्हणाला.

"कल्पना आहे?"

"कुलपं वाढलीत हे मला दिसतं. पण नियम गेल्या वर्षी हाच होता, त्याच्या आधीही हाच. आज नियम बदलला तर मागच्या सगळ्या वर्षांशी तुलना संपली. आकड्यांची माळ तुटते, ताई. चुकीची पट्टी असली तरी सगळ्यांनी तीच वापरली तर निदान वाढ कळते."

"पट्टी दर वर्षी थोडी थोडी आखूड होत असली तर?"

साहेबाने चष्मा काढून काच पुसली.

"साहेब, तुम्ही आम्हाला आवारात ओळीत उभं केलं होतं. ताडमाडाच्या डोक्यावर घमेली ठेवलीत आणि म्हणालात, बघा, मधलं माणूस हलत नाही. आज मी सांगते ते कसं हलवायचं. बुटक्यांना ओळीतून काढायचं. घमेलं नको, काही नको. एकेक बुटका काढत जायचा, आणि मधे आपोआप उंच माणूस येतो. कुणाच्या हाडात बोटभर वाढ न होता."

"तुमची सही लागेल तुमच्या भागाच्या पानावर."

"मिळणार नाही."

"पेन्शनला दोन वर्षं राहिलीत तुमची."

"माझी राहिलीत. गवंड्याची किती राहिलीत ते विचारा त्या खोलीत जाऊन." ती दारापर्यंत गेली आणि परत वळली. "आणि मला ताई म्हणू नका. ताई म्हणणारा भाऊ असं करत नाही."

साहेबाने तिला कामावरून बाजूला केलं. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असा कागद आला. पण त्याच कागदाखाली, का कोण जाणे, त्याने आणखी एक ओळ लिहिली होती. या भागाची फेरतपासणी दुसऱ्या माणसाकडून करावी, आणि तीत मोठा फरक निघाला तर सर्व भागांची करावी. नियम मात्र तोच आणि वेळही तीच.

फेरतपासणीला आला तो स्कूटरवरून, डोक्यावर हेल्मेट घालून. स्कूटर खाली लावली तरी त्याने हेल्मेट काही काढलं नाही. अशा गल्ल्यांतून वरून काय पडेल सांगता येत नाही, असं त्याचं मत होतं. खालची सगळी घरं त्याने जेवणाच्या वेळेआधी उरकली. उरकली म्हणजे कुलपं मोजली आणि उजवीकडे सरकला. वर येता येता तो शिवणवालीच्या दाराशी पोचला. मशीनचा दिवस. कुलूप. त्याने कागदावर खूण केली, उजवीकडे वळला आणि समोर कितीबाई, दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात उभी. आता ती मोजणारी उरली नव्हती, म्हणून मोजण्यासारखी झाली होती.

"नमस्कार. शेजारचं घर बंद आहे, तर त्यांच्या जागी तुमची माहिती..."

"घर बंद नाही ते. माणसं दवाखान्यात मशीनवर आहेत. दिवेलागणीच्या बसने येतील. थांबा."

"मला चारला परत जायचंय. तुम्हीच सांगा ना, ताई. घरात कमावणारे किती?"

आयुष्यभर तिने हा प्रश्न लोकांना विचारला होता. स्वतःला कुणी विचारल्याची ही पहिलीच वेळ. तिचा पगार, नवऱ्याचे पंप. शिवणवालीच्या घराहून तिचं घर नक्कीच वरचं होतं.

"नाही सांगणार."

"नकार दिला तर दंड होतो. कायदा आहे."

"मला सांगतोस? मी तीच धमकी देऊन जन्म काढलाय. लिही. नकार."

हेल्मेटवाल्याने लिहिलं. अगदी नीट अक्षरात लिहिलं आणि म्हणाला, "बरं. मग पुढचं दार." आणि ठेकेदाराच्या फाटकाकडे चालू लागला.

कितीबाईच्या लक्षात आलं की आपण हात दाखवून अवलक्षण केलं. दंड तर लागलाच, आणि गवंड्याच्या जागी पुन्हा ठेकेदार. मग तिला नियमाचं दुसरं वाक्य आठवलं, जे कधी कुणाला लागलंच नव्हतं, कारण कुठल्याही गल्लीत एखादं तरी दार उघडं असतंच. गल्लीत एकही दार उघडं नसल्यास मूळ घरी संध्याकाळी परत जावे.

तिने आपलं दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. मग ज्या आवाजात ती इतकी वर्षं "किती?" म्हणत आली होती त्याच आवाजात गल्लीभर ओरडली, "दारं लावा! सगळ्यांनी! कुलपं घाला आणि बाहेर या! गवंड्याच्या खोलीसाठी!"

हे सगळं तिने आधी जुळवून आणलं होतं असं मागाहून म्हणणारे म्हणाले, पण तसं काही नव्हतं. गल्लीला खोलीचं ठाऊक होतं, भिंतीवरून झालेलं त्या रात्रीचं बोलणं ठाऊक होतं, गवंडी ठाऊक होता, आणि कितीबाईचा आवाजही ठाऊक होता. पेन्शनर मास्तर हातातलं पुस्तक घेऊनच बाहेर आले आणि कडी घातली. किराणावाल्याने शटर खाली ओढलं, आत एक गिऱ्हाईक अडकलं होतं त्याला मागाहून काढलं. तिचा नवरा हातात पाना घेऊन आला आणि म्हणाला, "उलटी झडप नाही बसवली तेच बरं केलं."

ठेकेदार घरी नव्हता. त्याची बायको फाटकात उभी होती, हेल्मेटवाला तिच्यासमोर कागद उघडत होता. ह्या बाईशी कितीबाईचं कधी धड बोलणंही नव्हतं.

"काय चाललंय?" ठेकेदारीणबाईंनी विचारलं.

"तुमची कमाई त्या गवंड्याच्या नावे लावतायत," मास्तर म्हणाले. "गेल्या फेरीतही लावली होती."

बाईंनी हेल्मेटवाल्याकडे पाहिलं, मग आपल्या तीन मजल्यांकडे पाहिलं. "ह्या घराची वीट न् वीट त्याने बसवलीय," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई त्याला शेवटपर्यंत जेवूखाऊ घालायच्या. त्याच्या जागी मी?" त्यांनी कुत्र्याला साखळी लावली, फाटकाला कुलूप ठोकलं आणि कुत्र्यासकट येऊन शिवणवालीच्या पायरीवर बसल्या. बाकीचे आधीच बसले होते. जागा पुरेना तेव्हा काही जण ओट्याच्या कडेला पाय सोडून बसले.

हेल्मेटवाला मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा घामाघूम झाला होता. "अहो, पण तुम्ही सगळे तर इथेच बसलाय!"

"ओट्यावर बसलोय, आणि तेही दुसऱ्याच्या," कितीबाई म्हणाली. "माहिती ज्याची त्याच्या घरात बसून घ्यायची. आमची घरं बंद आहेत. आता काय करायचं ते तुझ्या कागदावरच लिहिलंय. वाच."

त्याने वाचलं. घड्याळाकडे पाहिलं. मग शेवटी ते हेल्मेट काढलं, जमिनीवर ठेवलं आणि त्यावर बसला. डोक्यावर केस चिकटून बसले होते, तसा बिचारा तरुणही नव्हता. किराणावाल्याने त्याला पाणी दिलं. कुणीतरी चहा आणला, पण तो कुणाच्या घरातून आणला ते कुणी सांगितलं नाही, कारण सगळीच घरं बंद होती.

दिवेलागणीला बस थांबली. गवंडी उतरला, एका हाताला पट्टी, दुसरा हात बायकोच्या खांद्यावर. आपल्या दारात एवढी माणसं पाहून तो जागीच थांबला. मशीनवरून आलेल्या माणसाचा चेहरा राखेसारखा झालेला असतो, तो आणखी उतरला. "मी अजून मेलो नाही रे," तो म्हणाला. "कुणी बोलावलं तुम्हाला?"

सगळे हसले आणि हसता हसता उठून उभे राहिले. शिवणवालीने कितीबाईकडे पाहिलं, खिडकी लावल्यानंतर पहिल्यांदा. दाराचं कुलूप काढलं आणि हेल्मेटवाल्याला म्हणाली, "या आत. बसा. विचारा काय विचारायचं ते."

आणि इथे कितीबाई पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर गेली. "चला, सरका सगळे! घरी जा!" ती गल्लीवर खेकसली. "कुणाची कमाई शेजाऱ्याने ऐकायची नसते. कान घेऊन निघा!" ज्या माणसांनी तिच्या एका हाकेवर दारं लावली होती ती तशीच मुकाट्याने दारं उघडायला गेली. ती स्वतःही आपल्या पायरीवर गेली आणि भिंतीकडे पाठ करून बसली. भिंत पातळ होती. तिने कान झाकले.

बऱ्याच वेळाने हेल्मेटवाला बाहेर आला. कागद छातीशी धरून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "खालची घरं... आता असतील का उघडी?"

"दिवे दिसतायत ना? मग जा. नदीकडे चिखल असतो, बघून चाल."

तो उतरून गेला. त्याच्या मागून उघड्या दारांतून प्रकाश पडत होता.

फरक निघाला, आणि मोठा निघाला. साहेबाला सगळ्या भागांची फेरी पुन्हा घ्यावी लागली, आणि तीही संध्याकाळची. माळ तुटली म्हणून वरून त्याला चार शब्द ऐकावे लागले. ते त्याने ऐकले आणि खाली सही केली. मधलं घर रेषेच्या बरंच खाली होतं, जिथे ते इतकी वर्षं होतं. खोली राहिली. कितीबाईची नोकरी काही परत मिळाली नाही. दंडही माफ झाला नाही, साहेबाने स्वतःच्या हाताने लावला. दंड भरताना तिने खिडकीतल्या कारकुनाकडून पावती मागून घेतली आणि ती दोनदा वाचून पाहिली. "कारण नीट लिहिलंय ना?" तिने विचारलं. "माहिती देण्यास नकार. बरोबर."

त्यानंतर शिवणवालीने एक गोष्ट बदलली. मशीनच्या दिवशी ती दाराला कुलूप लावत नाही. सकाळी गवंडी बायकोच्या आधाराने बसकडे निघतो आणि भिंतीवरून हाक मारतो, "वहिनी, निघालो आम्ही!" कितीबाई आपलं घर बंद करते, भाजीची पाटी आणि विळी घेते आणि त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसते, दार सताड उघडं टाकून. दिवसभर बसते. येणारा-जाणारा विचारतो, "घरी कुणी नाही वाटतं?"

"आहेत की," ती म्हणते. "आत्ता येतील. बस जरा."